पुढच्या चाकांवरची काजळी

४ मार्च
पुन्हा तेच! पुढची दोन्ही चाकं काळीकुट्ट. परवाच घासून लख्ख केली होती. बोट फिरवलं तर काजळ. मागची मात्र स्वच्छ. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्याचीच गाडी अशी दिसली तर शिकायला येणार कोण?

६ मार्च
मेकॅनिकनं चाक काढलं, कान खाजवला, म्हणाला, ‘ब्रेक पॅड हलक्या प्रतीचे आहेत, झिजून काळी भुकटी उडते.’ गेल्या वेळी ‘डोळे मिटून घ्या’ म्हणत हेच पॅड यानंच माझ्या गळ्यात मारले होते! डोकं फिरलं. नवे बसवले.

९ मार्च
नवे पॅड, तीच काजळी. आता म्हणे पॅड दाबणारा चिमटा, कॅलिपर, अडकतोय; पॅड सुटत नाहीत. उघडून बघितलं — व्यवस्थित सरकतोय. ‘मग तुमचं नशीब,’ म्हणाला. हे निदान!

घरी दुसरीच काळजी. लेकीला नर्सची नोकरी मिळालीय, पेशंटच्या घरोघरी जायची. लायसन्स हवंच. एकदा नापास झालीय. महिनाअखेरपर्यंत मिळालं नाही तर जागा दुसरीला.

११ मार्च
ठरवलं, प्रत्येक शिकवणीनंतर चाकं पुसून बघायची. शिंपी — स्वच्छ. बँकेतल्या बाई — किंचित धूळ. मग आमचं कन्यारत्न — काळी! चाक इतकं तापलेलं की हात झटकन मागे घेतला.

सापडला चोर! घरी येऊन भरपूर तोंडसुख घेतलं. ‘ब्रेकवर पाय ठेवून चालवतेस! आत्मविश्वासच नाही तुला!’ ती न जेवताच उठून गेली. आमची ही म्हणाली, ‘झालं समाधान?’

नाही झालं.

१५ मार्च
दुसऱ्यांदा नापास. म्हणे, ‘परीक्षक शेजारी बसले की गाडी सुसाट सुटते हो, बाबा. हातात राहतच नाही.’ तीच गाडी, तोच रस्ता! ‘गाडी काय माणसं ओळखते?’ म्हणालो. आता एकच संधी.

१७ मार्च
तिला रंगेहाथ पकडायचं म्हणून मेकॅनिकला स्कूटरवर मागे यायला सांगितलं. थोड्याच वेळात बरोबरीनं येऊन ओरडला, ‘अहो, मागचे ब्रेकचे लाल दिवे विझतच नाहीत!’

मी लगेच तिच्या पायांकडे बघितलं. उजवा अ‍ॅक्सिलरेटरवर. ब्रेकच्या आसपासही नाही.

मग माझ्याकडे बघितलं. शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो, अडीअडचणीला दाबायला. माझा पाय त्यावर! शिंपी चालवतो तेव्हा मी खुशाल पाय पसरून बसतो. पोटची पोर चालवायला बसली की हा पाय आपोआप तिथं जातो. पोरगी इतके दिवस अर्धा ब्रेक लागलेली गाडी ओढतेय, आणि परीक्षेत तीच गाडी मोकळी सुटते.

मेकॅनिकला म्हणालो, ‘वायरिंग बघावं लागेल.’ तिच्यापुढे तोंड उघडेना. फार लाज वाटली.

२० मार्च
आज सीटवर मांडी घालून बसलो. ती हसायलाच लागली — ‘जेवायला बसलात का?’ गाडी खरंच पळते! आधी ती घाबरली, मग सावरली. मी प्रत्येक वळणावर स्वतःचा घोटा धरून होतो. चाकं स्वच्छ. सांगायचं मात्र राहिलं.

२४ मार्च
पास झाली!! परतताना एकदाचं सांगून टाकलं — ब्रेक माझा होता.

रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, ‘माहितीये, बाबा. तुम्ही दाबलात की माझ्या बाजूचं पेडलही खाली जायचं. मला वाटायचं, मी इतकी वाईट चालवते की तुम्हाला दाबावाच लागतो.’