बारावं अक्षर

बाई, तुमच्या भाचीनं मला सांगितलं की शाळेत तुमच्या आठवणींचं एक छोटं पुस्तक काढायचं आहे, त्यासाठी मीही दोन पानं लिहून द्यावीत. लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीत कळलं की ती दोन पानं भाचीसाठी लिहिता येतील, पण त्याआधी तुम्हाला काहीतरी सांगावं लागेल. तुम्हाला जाऊन पस्तीसहून जास्त वर्षं झाली. या वयात असं पत्र लिहिताना हसू यायला हवं होतं, ते येत नाही.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. सौंसरच्या शाळेत तुम्ही आम्हाला भूगोल शिकवायच्या आणि रोज पांढुर्ण्याहून बसनं यायच्या-जायच्या. शाळा सुटायची पाचला आणि तुमची बस पावणेसहाला, तीही वेळेवर आली तर. शनिवारी जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला जाणाऱ्यांच्या गर्दीत तर ती तशीच निघून जायची आणि तुम्ही पुढच्या गाडीची वाट पाहत बसायच्या. माझं घर स्टँडच्या मागंच. नववीत असताना एकदा सुई-दोरा आणायला गेले तर तुम्ही सिमेंटच्या बाकावर बसून एक पिवळं पडलेलं पुस्तक वाचत आहात, आवाज काढून, बोटांवर काहीतरी मोजत. मी जवळ गेले. तुम्ही लाजला नाहीत. बाकावर सरकून जागा केली आणि म्हणाल्या, "बस. फ्रेंच आहे. मलेही काही समजते, काही नाही समजत."

हे पुस्तक तुम्ही नागपूरला शिकत असताना सीताबर्डीच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून उचललं होतं. मुखपृष्ठावर फ्रान्सचा नकाशा होता म्हणून भूगोलाचं समजून घेतलं आणि घरी येऊन पाहता तर आत सगळ्या कविता, डाव्या पानावर फ्रेंच, उजव्या पानावर इंग्रजी. दुसरी कुणी असती तर रद्दीत घातलं असतं. तुम्ही व्याकरणाचं एक फाटकं पुस्तक मिळवलं, त्यातून स्वरांचे उच्चार बसवले. शब्दाच्या शेवटच्या अक्षरांबद्दलची पानं त्यात नव्हती, म्हणून मराठीत करतो तेच तुम्ही केलं. लिहिलं आहे ना, मग म्हणायचं. प्रत्येक शब्द शेवटच्या टोकापर्यंत. फ्रेंच बोलणारं माणूस तुम्ही जन्मात ऐकलं नव्हतं.

त्या बाकावर दोन वर्षं मी तुमच्याकडून जे शिकले ते नंतर कुठल्याच वर्गात शिकायला मिळालं नाही. एका कवितेत म्हातारा माळी पानगळीत आपल्या नाशपातीच्या झाडांचा निरोप घेतो. नाशपाती आपल्याकडे कुणी पाहिलेली नव्हती. आणि त्यांच्याकडे ज्या दिवसांत सगळं उदास असतं, त्याच दिवसांत आपल्याकडे कापूस फुटतो, संत्री भरतात, गाड्या लागतात. ही उदासी सौंसरमध्ये बसून कशी समजायची, असा तुम्हाला प्रश्न. तुम्ही मला विचारलंत, रामाकोन्याला तुझ्या मामाची संत्र्याची बाग आहे ना, फळांचा तोडा झाल्यावर बाग कशी दिसते? मी म्हटलं, झाडं हलकी होतात, पण खुश नाही दिसत. तुम्ही ते वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलंत. पंधरा वर्षांच्या मुलीचं वाक्य. त्या दिवशी मी घरी चालत गेले नाही, पळत गेले.

आणि बारा. तुम्ही मला शिकवलंत की या जुन्या कवितांच्या ओळीत बारा अक्षरं असतात, सहांवर श्वास घ्यायचा, मग पुन्हा सहा. हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मोजून मोजून तुम्हीच शोधलं होतं, जात्यावरच्या ओवीचा ठेका आईकडून ऐकलेला होता म्हणून कान तयार होता, असं तुम्ही म्हणायच्या. ओळ बारावर आली की तुमचं बोट करंगळीच्या पेरावर थांबायचं आणि चेहरा असा व्हायचा, जणू बस वेळेवर आली.

बारावीनंतर मी नागपूरला गेले आणि हट्टानं फ्रेंचच घेतलं. पहिल्याच आठवड्यात सरांनी मला वाचायला उभं केलं. मी तुमच्यासारखं वाचलं, सगळी अक्षरं म्हणून, मोठ्या आवाजात. वर्गात कॉन्व्हेंटमधल्या मुली होत्या. आधी एक हसली, मग सगळ्या. सरांनी विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? बाई, मी म्हटलं, कुणी नाही, माझी मी शिकले. तुम्हाला वाचवावं म्हणून नाही म्हटलं. मला तुमचा राग आला होता. सगळ्या वर्गासमोर तुम्ही मला असं उभं केलंत असं वाटलं, आणि तो राग मी दोन वर्षं पोसला. तेवढ्या काळात जीभ वळवून घेतली, विद्यापीठात पहिली आले, आणि शाळेनं मला गॅदरिंगला पाहुणी म्हणून बोलावलं.

त्याच्या दहा दिवस आधी तुमचं कार्ड आलं होतं होस्टेलवर. मोठ्या बाईंनी तुम्हाला यंदा ती माळ्याची कविता फ्रेंचमध्ये आणि मग मराठीत म्हणायला सांगितली होती. तुम्ही लिहिलं होतं, "मी हे कधी कोणाच्या तोंडून ऐकलं नाही. कसं म्हणतात ते देवनागरीत लिहून पाठवशील काय? पोरींसमोर चूक नको व्हायला." खाली पूर्ण पत्ता, जसा काही मला माहीतच नव्हता. लिहायला अर्धा तास पुरला असता. मी ते कार्ड वहीत ठेवलं आणि उत्तर दिलं नाही.

गॅदरिंगला तुम्ही मोरपंखी साडी नेसला आहात. हातात कागद नाही. मंडपात मुली बसल्या आहेत, पुढं पालक, आणि तुम्ही म्हणायला सुरुवात करता. तुमचा आवाज आधी थोडा कापतो, मग स्थिरावतो. कुणाला एक शब्द कळत नाही, पण कुणी हलत नाही. मग तुम्ही मराठीत म्हणता, नाशपातीच्या जागी संत्रा घालून, आपल्याच बोलीत, आणि पहिल्या रांगेतला एक शेतकरी मान खाली घालतो. मग माझी पाळी. मी माईकपाशी जाते आणि हसत म्हणते की फ्रेंचमध्ये शेवटची अक्षरं म्हणत नसतात, आमच्या वर्गात कुणी असं वाचलं तर बाहेर उभं करतील. मुली हसतात. मग म्हणते, आता खरं फ्रेंच ऐका, आणि तीच कविता झरझर म्हणून दाखवते. टाळ्या झाल्या. तुम्हीही वाजवल्या. बाकीच्यांच्या थांबल्या तरी तुमच्या चालूच होत्या.

तोवर बाबांची बदली पांढुर्ण्याला झालेली होती, म्हणून संध्याकाळच्या बसला आपण शेजारी बसलो. बोरं विकणारी बाई चढली, उतरली. मग तुम्ही म्हणालात, "कार्ड टाकलं होतं तुले. मिळालं नसंन."

मी म्हटलं, नाही मिळालं.

तुम्ही मान हलवली. पोस्टाचं काही खरं नाही म्हणालात. विश्वास ठेवलात की मला झाकून घेतलंत, ते मला आजही ठरवता येत नाही. थोड्या वेळानं तुम्ही बोटं उघडलीत आणि अगदी हळू, विद्यार्थिनीनं विचारावं तसं विचारलंत, "पण बेटा, तू म्हणून राहिली होती तं ओळ अकरातच संपून राहिली होती. एक तं दहातच. बाराव्याचं काय होते?" मी खिडकीबाहेर पाहत म्हटलं, फ्रेंचमध्ये असं बोटांवर नसतं मोजत. मला उत्तर येत नव्हतं, बाई. म्हणून ते तुच्छतेनं दिलं.

उतरताना तुम्ही म्हणालात, "रविवारी येतं का घरी? एकदा बरोबर म्हणून पाह्यतो." मी हो म्हटलं. गेले नाही. त्या रविवारी तुम्ही माझ्यासाठी कोथिंबीर भरलेल्या पुडाच्या वड्या केल्या होत्या हे भाचीनं मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं, कौतुकानं, आत्याला मी किती आवडायचे हे दाखवायला. तिनं हेही सांगितलं की आत्या नंतर कविता मनातच वाचायची. ओठ हलायचे, आवाज नाही.

एम.ए.च्या पहिल्या वर्षी दुसऱ्या एका सरांनी जुनं छंदशास्त्र शिकवायला घेतलं. पहिलंच वाक्य असं की बोलताना आपण शब्दाच्या शेवटचा जो हलका स्वर गिळतो, तो जुन्या कवितेत ओळीच्या मध्ये व्यंजनाआधी आला तर मोजावा लागतो आणि म्हणावाही लागतो, नाहीतर ओळ लंगडी होते. सरांनी सगळ्या वर्गाला बोटं उघडायला सांगितली. मी माळ्याची कविता मोजली. प्रत्येक ओळ बारा. जिथे जिथे मी त्या मंडपात आवाज गिळला होता तिथे तिथे तुम्ही अक्षर म्हटलं होतं. व्यंजनं तुमची चुकत होती, हे खरं. पण कविता तुमची उभी होती आणि माझी पडली होती.

तुम्ही तेव्हा होतात, बाई. पांढुर्ण्यात, त्याच घरी, रोज त्याच बसनं जात होतात. एक कार्ड पुरलं असतं. तुम्ही बरोबर होतात, बारावं अक्षर असतं, एवढं एक वाक्य. पण ते लिहायचं तर आधीचं सगळं लिहावं लागलं असतं, म्हणून मी म्हटलं परीक्षा झाल्यावर, मग म्हटलं दिवाळीत प्रत्यक्षच. वर्ष गेलं. मग बाबांचं पत्र आलं की तुम्हाला कावीळ झाली आणि आठ दिवसांत तुम्ही गेलात. मी अंत्ययात्रेला पोचू शकले नसते. तेराव्याला पोचू शकले असते.

तीस वर्षं मी फ्रेंच शिकवलं. जुनी कविता आली की वर्गाला बोटं उघडायला लावते, संत्र्याच्या बागेचं सांगते, आणि मुलं म्हणतात, मॅडमचं शिकवणं वेगळंच आहे. निवृत्तीच्या दिवशी मी भाषणात तुमचं सांगितलं, स्टँडवरचा बाक, नकाशाचं मुखपृष्ठ. लोकांचे डोळे भरून आले. त्याची बातमी पेपरात आली, भाचीनं तिचं कात्रण चौकटीत लावलं आहे, तुमच्या फोटोशेजारी माझा फोटो आहे.

म्हणून हे पत्र मी तिला देणार नाही. तिची दोन पानं मी गेल्या सोमवारीच पाठवून दिली. त्यात गॅदरिंग आहे. मोरपंखी साडी आहे. माझ्यासाठी तुम्ही सगळ्यांत जास्त वेळ टाळ्या वाजवल्या, हेसुद्धा आहे. भाचीचा फोन आला होता. वाचून रडले म्हणाली. मी तिला थँक्यू म्हटलं.