देखणा क्यू

३ मार्च, सोमवार.
क्यू आला! काळंभोर लाकूड, मुठीवर शिंपल्याची वेल, खाली पितळेत माझी आद्याक्षरं. जेवणाच्या टेबलावर ठेवून बराच वेळ नुसता पाहत बसलो. बायको म्हणाली, छान आहे, भिंतीवर कुठे लावायचा? तिला समजावलं की ही पूल खेळायची काठी आहे, टेबलावरचे बॉल मारायला. चष्म्याच्या दुकानात मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो, फ्रेमवर भुलू नका, मुख्य ती काच. पण क्यूचं तसं नसतं.
संकल्प: यंदा क्लबची डबल्स ट्रॉफी. मी आणि साडू. दरवर्षीचीच जोडी, फक्त आता हत्यार आहे.

५ मार्च, बुधवार. सायंकाळ.
क्लबमध्ये सगळे उठून उभे राहिले. क्यू हातोहात फिरला. साडू म्हणाला, अशी वस्तू हातात असली की समोरचा अर्धा तिथेच हरतो. पहिल्याच फटक्याला पांढरा बॉल खड्ड्यात. शिंपल्यावरची चमक डोळ्यांत गेली. दुसऱ्या फटक्याला डोळे मिटून घेतले, तेही बरोबर नव्हतं. बँकेतल्या काकांनी हरवलं. त्यांचा क्यू क्लबचा, वाकडा.

८ मार्च, शनिवार.
दोष टोकाच्या चामड्याचा. फार कडक. घासून मऊ केलं.

९ मार्च, रविवार.
फार मऊ झालं.

११ मार्च, मंगळवार.
निष्कर्ष: दिसायला राजबिंडा, खेळायला दगाबाज. वजन सगळं मागे. कारागिराला फोन केला. तो म्हणाला, साहेब, वजन तुम्ही सांगितलं तिथेच आहे, खेळतानाचा व्हिडिओ पाठवा. पाठवला. उत्तरादाखल फक्त जोडलेले हात आले. चोर!

१५ मार्च, शनिवार.
साडू आणि मेहुणी आले. क्यूने कसा केसाने गळा कापला ते साडूला सविस्तर सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. म्हणाला, माझ्याकडे दे, मी बघतो कुठे गोम आहे ती. याला म्हणतात आपला माणूस. त्याच्या हर्नियाच्या ऑपरेशनला मी दवाखान्यातल्या बाकड्यावर रात्र काढली होती, ती वाया गेली नाही. कव्हरसकट दिला.
माझी आणि त्याची सरावाची वेळ मात्र ठरायची राहिली. तो घाईत होता.

१९ मार्च, बुधवार.
साडूला फोन. म्हणाला, अजून दोष सापडला नाही, रोज शोधतोय. चिकाटीचा माणूस.

२२ मार्च, शनिवार.
क्लबच्या फळ्यावर डबल्सच्या जोड्या लागल्या. साडू आणि दाताचा डॉक्टर. दोनदा वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. माझं नाव कुठेच नाही.
साडूला बाजूला घेतलं. म्हणाला, तूच म्हणालास ना क्यू खराब आहे? मग तुला उगाच ताण कशाला. मी म्हटलं, मग तू कुठल्या क्यूने खेळतोयस? तो म्हणाला, तुझ्याच.
आमच्यामागे टेबलावर डॉक्टर सराव करत होता आणि बॉल एकामागून एक खड्ड्यात पडत होते. बायकोला सांगितलं नाही. ती तिच्या बहिणीला बोलेल, बहीण रडेल. विष आपणच गिळावं.
संकल्प: साडूशी संबंध बंद. कायमचे.

३० मार्च, रविवार. सकाळ.
साडूचा फोन! आज फायनल. म्हणाला, काही झालं तरी ये, तू पाहिजेसच. डॉक्टरची पाठ धरली असणार. मला माहीत होतं, शेवटी रक्त नसलं तरी नातं आहे. दाढी केली. निळा शर्ट कडक इस्त्री. मनगटाचे व्यायाम.

त्याच दिवशी, दुपार.
डॉक्टरची पाठ ठणठणीत होती. मी विचारलं, मग मी कशाला? साडू म्हणाला, अरे, क्यूचा मालक समोर बसला की शोभा येते. पहिल्या रांगेत खुर्ची दिली. मांडीवर क्यूचं कव्हर दिलं.
जिंकले. शेवटचा काळा बॉल साडूने लांबून घातला, आवाजसुद्धा झाला नाही. मग सगळ्यांसमोर क्यू उंच धरून म्हणाला, हा दिसतो त्याहून खेळतो भारी! टाळ्या. मीही वाजवल्या. कव्हर खाली पडलं, ते उचललं.
घरी आल्यावर बायकोने विचारलं, कोण जिंकलं? म्हटलं, आपला क्यू. ती म्हणाली, आणि तुम्ही?
मेहुणी बायकोजवळच बसली होती. म्हणाली, भाऊजी, शर्ट तुम्हाला शोभून दिसतो.