शैलेंद्रची वाफ

१४ सप्टेंबर २०२४, शनिवार

हात लावणार नव्हते. लावलाच!

सकाळपासून शैलेंद्र बाल्कनीत बसून त्या वाफ ओढायच्या काळ्या दांड्याशी झटापट करत होता. दिवा तीनदा लुकलुकायचा आणि विझायचा. म्हणे दुकानदाराने खराब माल दिला. माल कसला खराब — यानेच वाटीत ते मेणासारखं वॅक्स बचकभर कोंबलेलं! मोहरीएवढं घ्यायचं असतं. ते वितळून खाली ओघळलं, बॅटरीच्या टोकावर जाऊन थिजलं, मग करंट जाणार कुठून? टोकियोत, तोयोसुच्या एवढ्या मोठ्या ऑफिसात हा माणूस बँकांची सिस्टीम सांभाळतो, आणि घरात एक स्क्रू फिरवायचा म्हटला की हातपाय गळतात.

शेवटी हिसकावून घेतला. सगळा सुटा केला. खाली बॅटरी, मध्ये सिरॅमिकची इवलीशी वाटी, वर काचेचं तोंड. कान साफ करायच्या काड्या आणि अल्कोहोल घेऊन बसले. काडी आत घातली की काकवीसारखं तपकिरी काहीतरी चिकटून येतं. वासही सुटतो, शी! आमची लेक सोनल नाक धरून "कुसाइ, कुसाइ" करत शाळेच्या मैत्रिणीकडे पळाली. बरंच झालं.

जेवायला दोन वाजले. दांडा चालू झाला. शैलेंद्रने आभारबिभार काही मानले नाहीत. एक झुरका घेतला आणि डोळे मिटून बसला.

१६ सप्टेंबर

आज सुट्टी. लिहूनच टाकते, डोक्यात नुसता भुंगा चाललाय.

जूनमध्ये शिनागावाच्या अलीकडे गाडी बोगदाबिगदा काही नसताना अशीच उभी राहिली. गर्दी. शैलेंद्रची छाती धडधडायला लागली, हात कापायला लागले, त्याला वाटलं संपलं सगळं. रिपोर्ट स्वच्छ! हृदय घोड्यासारखं आहे म्हणे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या घेऊन तो मीटिंगमध्ये पेंगायला लागला. गोळ्या स्वतःच बंद केल्या. आता नुसता प्लॅटफॉर्म दिसला तरी हात थरथरतो. मग नागोयाहून त्याचा मित्र धीरज फोनवर डॉक्टर झाला. सीबीडी घे, नशा नाही, इथे दुकानात उघड मिळतं. मला वेगळं समजावलं, "वहिनी, आयुर्वेदिकच समजा."

आयुर्वेदिक! गांजाच्याच जातीचं झाड ते. त्यातलं नशेचं टीएचसी काढून टाकलं की जे राहतं ते इथे चालतं. काढलं नसेल नीट तर? इथे हा गुन्हा साधा नाही. सरळ बेड्या, मग घरी रवानगी.

आणि आमचा पर्मनंट रेसिडन्सीचा अर्ज ऑगस्टमध्येच गेलाय. सोनल इथेच जन्मली. मराठीत तिला "कंटाळा आला" एवढं नीट येतं. तिला उचलून पुण्याच्या शाळेत बसवायचं? 

पण शैलेंद्र संध्याकाळी दोन झुरके घेतो आणि सकाळी गाडीत चढतो, हेही खरं. गाडीत चढला नाही तर नोकरी नाही. नोकरी नाही तर तो अर्ज कशाला!

२२ सप्टेंबर

व्हिडिओ कॉलवर सासूबाईंनी पाहिलं. मागे शैलेंद्र वाफ सोडत बसलेला, कर्म माझं! त्यांनी विचारलं, त्याला सर्दी झालीय का, वाफारा घेतोय का. तो हो म्हणाला. मग त्या मला ओव्याची पुरचुंडी कशी करायची ते सांगत बसल्या. मी मान डोलवत होते.

५ ऑक्टोबर

आता हे खातं माझ्याकडे. त्याने भरायचं नाही, साफ करायचं नाही, नुसतं ओढायचं.

काल नवीन वाटी आली. आधी रिकामीच दोन-तीनदा तापवली, कारखान्याचा वास जाळायला. मग टाचणीच्या टोकावर मोहरीएवढं वॅक्स घेऊन बरोबर तळाशी ठेवलं, काठाला लागू न देता. आच सगळ्यात कमी, निळा दिवा. हा महाशय लाल दिव्यावर ओढायचा, मग घसा खरवडला म्हणून रडायचा! ओढून झालं की वाटी कोमट असतानाच कोरडी काडी फिरवायची. थंड झाली की मग ते घट्ट बसतं, दुधाच्या भांड्याच्या बुडासारखं. आठवड्यातून एकदा अल्कोहोल, बॅटरीचं टोक पुसणं, स्क्रू बोटाने फिरेल इतकाच.

तो समोर बसून बघत असतो. आज म्हणाला की मी हे करताना लॅबमध्ये असल्यासारखी दिसते. मी म्हटलं लॅबमध्ये मला पगार मिळतो.

२७ ऑक्टोबर

कशातच लक्ष लागत नाही. भांडी घासताना, गाडीत, कुठेही. डिसेंबरपासून नियम अजून कडक होतोय, टीएचसीचा अगदी अंशसुद्धा चालणार नाही. ओढलं तरी गुन्हा. दुकानाने दिलेला तपासणीचा कागद काढून बसले. कागद छान आहे. फक्त त्यावरचा बॅच नंबर वेगळा आणि आमच्या बरणीवरचा वेगळा! म्हणजे कागद दुसऱ्याच बरणीचा. खाद्यतेल तपासणाऱ्या लॅबमध्ये इतकी वर्षं काढली, मला कोण बनवणार?

शैलेंद्रला दाखवलं. म्हणाला, असेल गं, छपाईची चूक.

२१ नोव्हेंबर

भांडण. मोठं.

सोनल अंघोळीला गेली होती. मी त्याला सांगितलं की मला आता पोलिसाची सायकल दिसली तरी धडकी भरते. परवा कोनबिनीत, कोपऱ्यावरच्या दुकानात, एक पोलीस कॉफी घेत होता, मी दूध न घेताच बाहेर पडले.  मग म्हटलं, "शैलेंद्र, हे घरात राहील नाहीतर आपण या देशात राहू. काय ते ठरव."

तो म्हणाला, "आणि मी? मी कसा राहू?"

 मी कुकर लावला.

२३ नोव्हेंबर

जीव भांड्यात पडला. शैलेंद्र स्वतःहून दुकानात जाऊन आला. जुनी बरणी परत दिली, नवीन आणली, नव्या नियमात बसणारी. कागद नंतर पाठवणार आहेत म्हणे. आणि आता भरायचं काम तोच करणार. म्हणाला, "तू फक्त साफ कर. भरताना तुझा जीव वरखाली होतो, मला बघवत नाही."

चला, शिकला एकदाचा!

१२ डिसेंबर

नियम लागू झाला. आम्ही मात्र निवांत.

नवीन माल खरंच चांगला निघाला. वास जवळजवळ नाही. बाल्कनीत बसतो, काचेतून दिसतो, वाफही अशी पातळ, स्वच्छ. आणि आज काडी फिरवली तर पांढरीच्या पांढरी बाहेर आली! पुन्हा फिरवली. पांढरी. मला इतका आनंद झाला की शैलेंद्रला नेऊन दाखवली. निळ्या दिव्यावर, मोहरीएवढं, वेळेवर पुसलेलं — असं वापरलं तर वाटी काळी होतच नाही. तो हसला. म्हणाला, तुझ्या हाताला गुण आहे.

२ जानेवारी २०२५

नवीन वर्ष. देवळात जाऊन आलो, सोनलने नशिबाची चिठ्ठी काढली, चांगली निघाली.

शैलेंद्र खूपच सुधारलाय. चिडचिड नाही. हात खिशात असतात, थंडीच तशी आहे. ऑफिसला पूर्वीपेक्षा कितीतरी लवकर निघत होता डिसेंबरभर. सकाळी गाड्या मोकळ्या असतात आणि काम चांगलं होतं म्हणे. सहा महिन्यांपूर्वी याच माणसाला मी दारातून ढकलून बाहेर काढत होते! धीरजला फोन करून सांगितलं, तर तो स्वतःचीच पाठ थोपटायला लागला. अरे बाबा, दांडा दुरुस्त मी केला!

१९ जानेवारी

गेली शांती.

धीरजचाच फोन. त्याच्या ओळखीतल्या एकाची बाटली तपासली, त्यात टीएचसीचा अंश निघाला. दुकानातून घेतलेली, पावतीसकट. तरी चौकशी सुरू आहे, पासपोर्ट जमा. धीरजने स्वतःचं सगळं फेकून दिलं, कुठे ते सांगेना.

मी शैलेंद्रकडे नव्या बरणीचा कागद मागितला. आला नाही अजून. बरणी मागितली. म्हणाला, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवलीय, घरात सोनल असते. ऑफिसमध्ये!  वर हाच मला समजावतो की काही होत नाही, झोप.

२२ जानेवारी

नको ते डोक्यात आलंय. वाटी पुसलेली काडी लॅबमध्ये नेऊन मशीनवर टाकायची.

नोकरीवर गदा येईल असं काम आहे हे. बाहेरचा नमुना, तोही असा! पण मी दुसरं काय करू? हातात मशीन असताना अंदाजाने जगायचं?

एक अडचण आहे. आमचं मशीन रेणूचं वजन बघतं, आणि सीबीडी आणि टीएचसी यांचं वजन अगदी एक. वेगळे ओळखायला शेजारी टीएचसीचा शुद्ध नमुना ठेवावा लागतो, तो परवान्याशिवाय मिळत नाही. म्हणजे स्क्रीनवरच्या आलेखात शिखर दिसलं तरी मला कळणार नाही कोणाचं. तरी बघणार. न बघून तर वेड लागेल.

२३ जानेवारी, गुरुवार

केलं.

काडी डब्यात, डबा जेवणाच्या पिशवीत. गाडीत सगळे माझ्याचकडे बघताहेत असं वाटत होतं. काडी अल्कोहोलमध्ये बुडवली आणि नमुन्याला नाव दिलं "ब्लँक". मशीन स्वच्छ आहे ना ते बघायला आम्ही रोजच रिकामा नमुना फिरवतो, तेच नाव, म्हणजे कोणी विचारायला नको. हात तीनदा धुतले.

माझ्या वरिष्ठ ओगावा-सान नेमक्या तेव्हाच मागे येऊन उभ्या! स्क्रीनकडे बघितलं.  म्हणाल्या, सुप्रभा-सान, फार सुंदर ब्लँक आहे, आणि चहाला गेल्या.

खरंच काही नव्हतं. सपाट रेघ. टीएचसी नाही. सीबीडीही नाही!

आधी हसू आलं, मग डोकं फिरलं. दुकानदाराने फसवलं! नुसतं मेण विकतोय मेला! शनिवारी जाऊन त्याची जपानी भाषेत जी काही आरती ओवाळायची ती ओवाळणार.

२४ जानेवारी

गाडीत बसल्यावर उजेड पडला. मेण असतं तर मेण दिसलं असतं. तेल असतं तर तेल दिसलं असतं, तेल तपासण्यावरच माझं पोट चालतं! वाटीत काहीच नव्हतं. शैलेंद्र रिकामाच दांडा ओढतोय.

आणि वाफ? रात्री कचरा टाकायला खाली गेले तर माझ्याही तोंडातून तशीच निघत होती. थंडी आहे! काडी पांढरी आली म्हणून मी त्याच्यापुढे मिरवत होते. काय मूर्ख बाई आहे मी.

पण मग लक्षात आलं — रिकामा ओढतोय आणि तरी इतका छान आहे. लवकर निघतो, चिडत नाही, हसतो. म्हणजे त्याला त्याची गरजच उरलेली नाही! बरा झालाय तो! सवय सुटत नसेल, किंवा मला सांगायला लाजत असेल. सोडली असं आधी सांगून पुन्हा लागली तर काय, असं वाटत असेल.

मी जिन्यातच रडले थोडं. अर्ज, सोनल, शाळा, सगळं एकदम हलकं झालं. उद्या त्याला काही विचारणार नाही. रविवारी शिरा करते, केशर घालून, आणि मग हळूच सांगते की मला माहितीय.

२६ जानेवारी, रविवार

शिरा तसाच झाकून ठेवलाय.

तो बरा झालेला नाही, आज त्यानेच सांगितलं. बरणी परत दिली ती खरी, नवीन आणलीच नाही. भांडणानंतर दोन दिवसांनी सगळं सोडलं. तेव्हापासून हात तसेच कापताहेत, म्हणून खिशात. सकाळी लवकर निघतो ते दर स्टेशनावर उतरून बाकावर बसायला लागतं म्हणून. कामाता, ओमोरी, ओइमाची. शिनागावाला कधी दोन गाड्या सोडतो, कधी पाच.

मग हे नाटक कशाला, मी विचारलं. म्हणाला, "मी नव्या नियमातलं ओढतोय आणि नीट जातोय असं दिसलं की तू निर्धास्त असायचीस, सुप्रभा. घरात एक तरी माणूस निर्धास्त असू दे म्हटलं."

ओगावा-सानना मेसेज केलाय, उद्या उशिरा येईन. शैलेंद्रबरोबर निघणार. तो उतरेल तिथे उतरणार.