इच्छुकसाठी स्थळ पाहणे

ती. हौसाआत्येस,

टेंभी नाक्यावरून सुशांतचा (कंबर परवानगी देईल तितका) वाकून नमस्कार. ऑपरेशननंतर डावा डोळा कसा आहे? पत्र दुसऱ्या कुणाकडून वाचून घेत असशील तर कंसातला मजकूर गाळायला सांग, तो घरगुती आहे.

मी ठीक आहे, आमचं वधू-वर सूचक कार्यालय मात्र येत्या शनिवारी बंद होतंय. केशरबाईंनी (आमच्या मालकीणबाई) यापुढे सगळी लग्नं मोबाइलवरूनच जुळवायची ठरवली आहेत, म्हणजे मीही माझ्या खोलीवर बसून फोनवरच जुळवणार. प्रश्न उरला आमच्या कुत्र्याचा. नऊ वर्षं तो कार्यालयात राहतोय. कुणीही डबा उघडला की समोर येऊन बसतो, म्हणून त्याचं नाव इच्छुक. माझे वर्तकनगरचे घरमालक परशुरामकाका कुत्रं म्हटलं की जिना अडवून उभे राहतात, आणि केशरबाईंच्या सुनेला कुत्र्याच्या केसांनी शिंका येतात. तेव्हा शनिवारच्या आत त्याला चांगलं घर मिळायला हवं.

आता कुणाला चांगल्या घरी पाठवायचं तर आम्हाला एकच पद्धत येते. मी बायोडेटाचा छापील फॉर्म घेऊन भरायला बसलो, आणि लक्षात आलं की ज्याच्याबरोबर नऊ वर्षं रोज जेवलो त्याच्याबद्दल मला काही म्हणजे काही माहीत नाही. जन्मस्थळ कोणतं? मामेकुळ कुठलं? मला चैन पडेना. शेजारचा शिंपी चांगदेव म्हणाला, दहीहंडीच्या गर्दीत तो कुणाच्या तरी पायांतून आत शिरला आणि बाहेर जायचंच विसरला. पण मग त्याआधी कुठे होता? नाक्यावरच्या सगळ्या दुकानांत विचारून आलो (दोन ठिकाणी चहा, एका ठिकाणी अपमान), हाती काही लागलं नाही. रास केशरबाईंनी सिंह ठरवली. जेवायच्या आधी वाटी तीनदा हुंगतो, म्हणून माझं मत कन्या. मंगळाच्या रकान्यात ‘सौम्य, फक्त कुरिअरवाल्यापुरता’ असं लिहिलं.

मग स्थळं बघायला येऊ लागली. केशरबाईंनी रीतीप्रमाणे पोहे केले. पहिल्यांनी त्याला चक्क चालून दाखवायला सांगितलं (आजच्या काळात!). तो चालला, पण पोह्यांच्या दिशेने. त्यांना मी तिथेच वाटेला लावलं. दुसरं स्थळ डोंबिवलीचं. माणसं बरी होती, पण लग्नात मुलीचं बदलतात तसं ह्याचं नाव बदलून ब्रूनो ठेवणार म्हणाली. त्यांना पत्रिका जुळत नाही असं सांगितलं. तिसरी करिश्मा, इथल्याच जुन्या शेतकरी घरातली. मोठं अंगण, घरी आधीची दोन गुबगुबीत कुत्री, बोलणं गोड. खोड काढायला जागाच नव्हती, म्हणून तिलाही पत्रिकेचंच कारण सांगितलं.

ती गेल्यावर केशरबाई कडाडल्या, “अरे सुशांत, नऊ वर्षांत शंभर जणांच्या मुली उजवल्यास तू, आणि तुझ्याच्याने एक कुत्रा उजवला जाईना?” हातातली करकरीत स्थळं मुलींचे बाप का परत पाठवतात, याचं मला इतकी वर्षं मोठं कुतूहल होतं. आता कळलं. मला तो कुठेच जायला नको आहे गं, आत्या. त्याच्याशिवाय मला जेवण जाणार नाही.

असो. आळीतल्या मोठ्यांना माझा नमस्कार सांग. लहानांना माझं वय सांगू नकोस.

तुझा,
सुशांत

ता.क. बायोडेटा सोबत जोडला आहे, सहजच. तुझं कल्याणचं घर तळमजल्यावर आहे, मागची पडवी रिकामी आहे आणि तू दिवसभर एकटी असतेस, यातलं मी त्यात काहीही लिहिलेलं नाही. मला आपलं नुसतं आठवलं.

ता.क. दुसरं. मुलगी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा सोबत पाठराखीण पाठवायची आपल्याकडे रीत आहे. इच्छुक नवख्या घरी एकटा राहायचा नाही, म्हणून पाठराखणीला मी येतोय. शनिवारी दुपारपर्यंत पोचू. पाठराखीण किती दिवस राहते ते शेजारीपाजारी विचारत बसू नकोस. वर्तकनगरची खोली मी कालच सोडली.