पेटीत न पडलेली चिठ्ठी

गुरुवार, २३ जानेवारी

सोसायटीच्या फिशपॉन्डची, म्हणजे निनावी चिमट्यांची, पेटी उघडली. सात चिठ्ठ्या! पाच आमच्या सेक्रेटरीच्या, मुकुलच्या, पार्किंगवर, एक बी विंगच्या लिफ्टची तक्रार, एक कोरी. म्हणजे नेहमीसारखंच. सव्वीसच्या स्नेहसंमेलनात वाचायला चाळीसेक तरी लागतात. त्या मीच लिहिणार. कित्येक वर्षं हेच चाललंय. लोकांना वाटतं, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी नाव न घालता टाकल्यात. वाटू दे. वाचताना सगळे एकमेकांकडे बघतात, मजा त्यातच आहे.

मुकुल म्हणाला, यंदा जरा मसाला टाका, पोरं मोबाइलमधून मान वर काढत नाहीत. मसाला! आईच्या काळी बायकांचा 'पाय घसरायचा'. आमच्या कॉलेजात 'भानगड' होती. मग 'लफडं' आलं, मग 'सेटिंग'. आता नुसता 'सीन' असतो. शब्द रिटायर होतात, बायका त्याच. साप्ताहिकातल्या माझ्या सदराला विषय मिळाला.

शनिवार, २५ जानेवारी

चाळीस झाल्या. शेरॉनवरची सगळ्यात झकास. बी विंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहते, नर्स आहे, एकटी. आमचं बोलणं लिफ्टपुरतं.

'नाइट सुटते सातला, मॅडम घरी अकराला,
मधला ओव्हरटाइम म्हणे पगारात नाही धरला!'

ती घरी किती वाजता येते, देव जाणे. अकरा यमकाला बरे पडले.

रविवार, २६ जानेवारी

झेंडावंदन, मग मांडवात कार्यक्रम. ओव्हरटाइमला जो काही हशा पडला! मागून शिट्टी. मुकुलने दोनदा वाचायला लावली. शेरॉनही हसली. सगळ्यांच्या आधी हसली, खरं तर. नंतर उपम्याच्या रांगेत दिसली नाही.

सोमवार, २७ जानेवारी

समोरची निशा दळण घेऊन जाताना दारातच थांबली. शेरॉनवरची कोणी टाकली असेल, हे तिला हवं होतं. मी म्हटलं, नावं सांगत नसतात. तर म्हणते, "नको सांगूस गं. पण कुणीतरी बघितलंय म्हणूनच टाकली ना? जाळाशिवाय धूर निघतो का?"

मी हसले. का हसले?

शनिवार, १ फेब्रुवारी

आता बी विंगमधल्या तिघींनी तिला स्वतःच्या डोळ्यांनी अकराला येताना पाहिलंय. एकीने पांढरी गाडीही पाहिली. माझ्या दोन ओळींत गाडी कुठेच नव्हती!

कमिटीने पंढरीशेठला सांगितलं, एकट्या बायका ठेवू नका. फ्लॅट त्यांचा. बिल्डिंगखालची जमीनही एकेकाळी त्यांचीच, भाताची. मी चौकशीच्या नावाखाली त्यांच्या बंगल्यावर गेले. झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत म्हणाले, "पोरगी चांगली हाय, दर महिन्याला टायमावर भारा देते. पन बोलनारे बोलतान, मी काय करू?" करार फेब्रुवारीअखेर संपतोय, पुढे देणार नाहीत.

तिचं हॉस्पिटल इथून पायी पाच मिनिटांवर. एकट्या मुलीला, त्यातून नाइट करणाऱ्या, डोंबिवलीत घर देतो कोण? हे घर मिळायच्या आधी सहा महिने ती पार भाईंदरपलीकडच्या उत्तनहून, आईकडून, येऊन-जाऊन करत होती म्हणे. हे मला आज कळलं. पंढरीशेठकडून.

शिवी दिली असती तर परत घेता आली असती. मी तर काही म्हटलंच नाही! नुसतं सुचवलं. न म्हटलेलं परत कसं घ्यायचं? इतकी वर्षं याच कलेवर टाळ्या घेतल्या.

सोमवार, ३ फेब्रुवारी

लिफ्टमध्ये शेरॉन. काहीतरी बोलायचं म्हणून ड्युटीचं विचारलं. मजल्यांच्या आकड्यांकडे बघत म्हणाली, "नाइट सोडली, आंटी."

रविवार, ९ फेब्रुवारी

सोसायटीची मीटिंग. पाणी, रंगकाम, आणि 'भाडेकरूंबाबत धोरण'. शेरॉन मागे उभी होती. भाडेकरूला बसायला सांगत नाहीत, मीही सांगितलं नाही.

मी उठले. सांगितलं, की ती चिठ्ठी पेटीत पडलीच नव्हती. मी लिहिली. बाकीच्याही मीच लिहिते, दरवर्षी. मी काही पाहिलेलं नाही, कुणी काही पाहिलेलं नाही. अकरा यमकासाठी.

वाटलं, झालं! आता जोडे बसतील. बसू देत, सुटू.

निशा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बघा! दुसऱ्याचं अंगावर घेतेय ही. एवढं मोठं मन हवं."

मुकुलनेही मान डोलावली. मॅडमच्या भावना समजतात म्हणाला. टाकणाऱ्याचं नाव बाहेर येऊ नये म्हणून मॅडम स्वतःवर घेताहेत. पण धोरण ते धोरण.

मी ओरडून सांगायला हवं होतं. ओरडले नाही. 'मोठं मन' ऐकल्यावर आत कुठेतरी बरं वाटलं. हे इथेच लिहिते, दुसरीकडे लिहायची हिंमत नाही.

एकट्या बायकांना भाड्याने घर नाही, असा ठराव झाला. हात वर करायची वेळ आली तेव्हा मी माझ्या चपला शोधत होते.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

सदर पाठवलं नाही. संपादकांना कळवलं, ताप आहे.

रविवार, १६ फेब्रुवारी

शेरॉनच्या दारापर्यंत गेले. आत खोक्यांना टेप लावल्याचा चर्र आवाज. बेलवर बोट ठेवलं, दाबली नाही. सांगणार तरी काय? मीटिंगमध्ये सांगितलंच की, ती होती, तिने ऐकलं. मग माझ्याकडून वेगळं काय ऐकायचंय तिला? — असं स्वतःला समजावत जिना उतरले. समजावणं मला चांगलं जमतं.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

दुपारी दारात एक म्हातारी. शेरॉनची आई, थेल्मा. खाली टेम्पो लागलेला. मालकाला मुलासाठी फ्लॅट हवाय म्हणाली. तिला तसंच सांगितलेलं दिसतं. हातात स्टीलचा डबा, त्यात फुग्या, त्यांच्याकडचे मैद्याचे फुगीर गोळे, पहाटे तळून उत्तनहून आणलेल्या. अजून मऊ होत्या.

माझा गाल कुरवाळून म्हणाली, "शेरॉन बोलली मला. माजे पोरीसाठी तुमीच एकले उबे रयले."

म्हणजे शेरॉनलाही तेच वाटतंय.

मी डबा घेतला. म्हटलं, "त्यात काय एवढं!"