म्हशीला काय सांगायचात, तात्या?

तीर्थरूप तात्या,

होस्टेलवर होते तेव्हा याच मायन्यानं तुम्हाला पत्र लिहायचे आणि पहिल्याच ओळीत काहीतरी मागायचे. आजही मागतेच आहे. मला एका प्रश्नाचं उत्तर हवंय, आणि ते तुमच्याशिवाय कोणाकडं नाही.

तुम्हाला जाऊन आज तेवीस दिवस झाले. पाहुणे पांगले. मी कॉलेजातून रजा काढून अजून सांगवीतच आहे, आईजवळ. रडून पत्र लिहावं असं काही मनात नव्हतं. लिहायला बसवलं ते आपल्या चंद्रीनं. काल संध्याकाळी तिनं पान्हा सोडला! भरपूर, अगदी शेवटच्या धारेपर्यंत. आणि हे काम जिनं केलं ती पंधरा वर्षं मानसशास्त्र शिकवणारी तुमची लेक नव्हे, तर सातवी शिकलेली तुमची बायको. आहे की नाही गंमत?

पण सगळं पहिल्यापासून सांगते, म्हणजे माझ्या चुकाही तुम्हाला कळतील.

तुम्ही गेलात त्या दिवसापासून ती दूध चोरायला लागली. कास भरलेली, पण हात लावला की अंग आखडायची, धार खाली येऊच द्यायची नाही. तिचं रेडकू जन्मल्याबरोबर गेलेलं, त्यामुळं तुम्ही तिला तुमच्याच हातावर लावलेलं. दुसऱ्या कोणाचा हात तिला माहीतच नाही. तेरा दिवस शेजारच्या शंकरआबांची सून येऊन बसायची आणि आठ लिटरच्या म्हशीकडून तांब्याभर दूध घेऊन उठायची. कोणीतरी म्हणालं, इंजेक्शन टोचा, सोडतीय की. आई बऱ्याच दिवसांत तेवढंच मोठ्यानं बोलली, "टोचून काढायचं आसंल तर दूधच नको मला."

आणि मला, खोटं कशाला बोलू तात्या, मला उत्साह चढला! बाप जाऊन पंधरा दिवस झालेले आणि मी वही-पेन घेऊन गोठ्यात. लाज वाटते, पण मी अशीच आहे. दुःख झालं की मला प्रश्न पडायला लागतात.

वर्गात दरवर्षी मी तो कुत्र्याचा आणि घंटेचा प्रयोग शिकवते. आधी घंटा, मग खाणं, असं पुष्कळदा झालं की पुढं नुसत्या घंटेनंच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. म्हशीचा पान्हाही तसाच की! दूध सोडायची वेळ झाली हे तिला कुठल्या तरी खुणेवरून कळतं. मग चंद्रीची घंटा कुठली? तुमचा वास? तुमचा आवाज? बादलीची कडी? वहीत मी चक्क तक्ता आखला.

पहिल्या दिवशी वास. तुमचा निळा चौकड्यांचा शर्ट माझ्या ड्रेसवर चढवला. नवऱ्याचा शर्ट घालून बायका म्हैस पिळतात हे तुम्हीच हसत हसत सांगायचात ना! चंद्रीनं बाही हुंगली, पुन्हा हुंगली, आणि शेणानं भरलेली शेपटी माझ्या तोंडावर मारली. तुम्ही असतात तर मांडी थोपटून हसला असतात. मी वहीत लिहिलं, वास नाही.

दुसऱ्या दिवशी आवाज. माझ्या फोनवर तुमचे निरोप होतेच. "सुमे, कारली पाठवलीत टेम्पोनं. उतरून घे. आन् जेवत जा येळेवर." तो निरोप मी गोठ्यात मोठ्यानं लावला. तात्या, चंद्रीचे कान टवकारले! मान वळवून तिनं दाराकडं पाहिलं आणि कास सैल पडली. तीन लिटर! मी जवळजवळ ओरडलेच, "आई, आवाज आहे! आवाजच आहे!"

आणि वळून बघते तर आई नव्हती. ती बादली धरायला माझ्या शेजारीच उभी होती, तात्या. तुमचा आवाज ऐकून बादली खाली ठेवून ती घरात निघून गेली होती. मला कळलंसुद्धा नाही. समुपदेशनाच्या खोलीत समोर बसलेल्या परक्या माणसाची बोटं हलली तरी मला दिसतात, आणि सख्खी आई शेजारून गेली ते दिसलं नाही! मी लिटर मोजत होते.

त्या संध्याकाळी पुन्हा तोच निरोप लावला. लिटरभर दूध आलं. तिसऱ्या वेळी तिनं कानसुद्धा हलवला नाही. बरोबरच आहे तिचं. आवाज येतो, पण त्याच्या मागून तुम्ही काही येत नाही. ती दोनदा फसली, तिसऱ्यांदा कशाला फसेल? पुस्तकात याला विलोपन म्हणतात. खूण नुसतीच येत राहिली, तिच्यामागून काही आलं नाही, की ती विझत जाते. वर्गात मी फळ्यावर खाली उतरत जाणारी रेघ काढून दाखवते. तीच रेघ वहीत काढायला घेतली आणि हात थांबला. तुमचा आवाज झिजवत होते मी, तात्या! तो निरोप त्यानंतर मी उघडलेला नाही.

त्याच दिवशी जेवताना आई म्हणाली, "म्हस इकून टाक. मी येते तुझ्याकडं, बारामतीला."

मला काय वाटलं असेल? बरं वाटलं! तुम्ही गेल्यापासून मी तेच तर म्हणत होते. चौथ्या मजल्यावरची मागची खोली, लिफ्ट, खाली दवाखाना. सगळं मनात मांडून ठेवलेलं. ती का तयार झाली हे मी विचारलं नाही. निमगाव केतकीच्या एका व्यापाऱ्याला फोन केला. तो म्हणाला सोमवारी गाडी घेऊन येतो. आईनं मान हलवली आणि भांडी घासायला बसली. ती अजून एकदाही रडली नव्हती, तुमच्याबद्दल एक शब्द बोलली नव्हती. त्याचाही उपाय माझ्याकडं होता. बारामतीला नेलं, वातावरण बदललं, की बोलेल!

मग शुक्रवारी शंकरआबा कुंपणाशी आले. माझे प्रयोग गावभर झालेच होते.

"सुमे, कसला शर्ट आन् कसला फोन घिऊन बसलीस! तात्या तिच्यासंगं बोलायचा की."

"काय बोलायचे?"

"त्ये कुणाला ठावं! बारीक आवाजात चालायचं त्येचं. धार काढता काढता डोकं तिच्या कुशीला लावायचा आन् बोलत ऱ्हायाचा. पयल्यांदा मला वाटलं फोनवर हाय. एकदा इचारलं मी. तर म्हणला, आबा, ही मधी बोलत न्हाय."

ही मधी बोलत न्हाय! तात्या, हे कधीपासून? मी तुम्हाला आयुष्यभर गप्प माणूस समजत आले. शाळेतल्या निबंधातसुद्धा 'माझे वडील मितभाषी आहेत' असं लिहिलं होतं.

आणि मग दिवाळीनंतरचा तो दिवस आठवला. बाजारात माल उतरवून तुम्ही माझ्या समुपदेशनाच्या खोलीवर आला होतात. पुढचा माणूस यायला अर्धा तास होता. मला वाटलं दमलात, पाणी प्यायला आलात. तुम्ही खुर्चीवर टेकलात आणि विचारलंत, "लोकं हितं येऊन नुसती बोलत्यात, आन् बरी व्हत्यात?"

मी व्याख्यान सुरू केलं. उपचाराच्या निरनिराळ्या वाटा असतात, म्हटलं. एक वाट लहानपणात खोल खोदत जाते. एक माणसाच्या डोक्यातले उलटे विचार त्यालाच तपासायला लावते. एक सवयीवर काम करते, भीती वाटते त्या गोष्टीकडं पायरीपायरीनं नेते, जमलं की शाबासकी देते. आणि एका वाटेत समोरच्याचं नुसतं मनापासून ऐकून घेतात, त्याला त्याचं सापडेपर्यंत.

"आन् तू कुठली?"

"मी सवयीवाली. लवकर गुण येतो त्यानं."

तुम्ही हसलात. "मंजी उपायवाली," म्हणालात. मग पाणी प्यालात आणि टेम्पो सुटंल म्हणून उठलात. तात्या, त्या दिवशी तुम्हाला काही बोलायचं होतं का? अर्धा तास होता आपल्याकडं. तो सगळा मीच बोलले.

आबांचं ऐकून मी काय केलं असेल? शनिवारी सकाळी मी चंद्रीशी बोलायला गेले! डोकं कुशीला लावलं, आवाज बारीक केला, आणि बोलायला एक शब्द सुचेना. शेवटी तिला पुढच्या सत्राचा अभ्यासक्रम सांगितला. तिनं रवंथ केला. दूध तांब्याभरच.

आणि काल, रविवारी संध्याकाळी, मी चौकातून पेंडेचं पोतं घेऊन आले. गोठ्याच्या भिंतीपाशी पोचले तर आतून आवाज. आधी वाटलं कोणी बाई आलीय. मग कळलं, आई बोलतेय.

"काय सांगत व्हते गं तुला? येवढा येवढा येळ काय सांगत व्हते? मला तर दोन शबुद. वाढ, आन् झोपतो. चाळीस वर्सं मी म्हणलं, माणूसच कमी बोलणारं हाय." मग, "छातीत दुखायचं ते तरी सांगितलं व्हतं का तुला? सांगितलं आसंल. तू कुनाला सांगणार हायस! लई राग येतो बघ मला त्यांचा. गेलेल्या माणसाचा राग धरू न्हाय म्हणत्यात. पर येतो, त्याला मी काय करू?"

ती रडत होती, तात्या. बादलीत धारेचा आवाज सुरू झाला होता आणि ती रडत होती. मी पोतं तसंच कमरेवर घेऊन उभी.

"उद्या तू जाणार, आन् मी पोरीकडं. मला न्हाय जायचं गं. त्या चवथ्या मजल्यावर काय करू मी दिवसभर? पर सुमीला कसं सांगू? काय बी सांगायला जावं, तिचा उपाय तयार. वाईट न्हाय पोर, लई जीव लावती. पर आदी उपाय, आन् मग ऐकणं."

मीही रडले. भिंतीला टेकून, तोंडात ओढणी धरून. लांबलांबून माणसं माझ्याकडं बोलायला येतात, आणि माझे आई-बाप दोघंही म्हशीकडं गेले!

चंद्रीला नेमकं काय ओळखू आलं हे मला अजून कळलेलं नाही. तो बारीक, संथ सूर? कुशीला टेकलेलं कपाळ? की बोलता बोलता आईचे हात सैल पडले, ते? तक्त्यातले हे रकाने रिकामे आहेत. मला खरंच जाणून घ्यायचंय. पण त्यासाठी आईवर प्रयोग करणार नाही, एवढं शहाणपण आलंय.

आणि छातीचं काय, तात्या? झटका यायच्या आधीपासून खरंच दुखत होतं का? मला सांगितलं असतंत तर पुढचं वाक्य न ऐकता मी तुम्हाला गाडीत घातलं असतं, हे कबूल. पण त्यात माझं काय चुकलं असतं? तुम्ही आज असतात! ह्याबद्दल मी तुमच्यावर रागावलेय, आणि आईसारखं मलाही त्याला काही करता येत नाही.

आज सकाळी चुलीपाशी मी तिला सांगून टाकलं, "आई, काल मी भिंतीआड होते."

"किती ऐकलंस?"

"सगळं."

"मग? आता काय करायचं म्हणतीस?"

तात्या, माझ्या जिभेवर तीन उपाय होते. काही महिने इकडं, काही तिकडं. सोबतीला कोणीतरी बाई. मीच सांगवीहून जाऊन-येऊन करावं. तिन्ही चांगले होते! मी म्हटलं, "मला माहीत नाही. तू सांग."

ती माझ्याकडं बघत राहिली, मी आजारी आहे की काय अशी. मग पाटावर बसली आणि बोलायला लागली. ऊन ओट्यावर येईपर्यंत बोलत होती. तुमच्याबद्दल, तुमच्या रागाबद्दल, तुमच्या अबोल्याबद्दल, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षाबद्दल. काय बोलली ते लिहीत नाही, ते तिचं आहे. ती राहणार इथंच. व्यापाऱ्याला मी फोन करून गाडी आणू नको म्हणून सांगितलं. तो चिडला.

आता तुम्हाला एक शब्द देते. आई जे सांगेल ते मी आधी शेवटपर्यंत ऐकेन. उपाय मागेल तेव्हाच देईन. फक्त छातीत दुखतंय म्हणाली, तर मात्र तात्या, मी तिचं एक अक्षर ऐकणार नाही. उचलून गाडीत घालीन.

तुमची उपायवाली,
सुमी