बांधीत चढलेल्या मासोळ्या

बाबा, बंगालीणबाई गेल्या. गेल्या महिन्यात, त्यांच्या स्वतःच्या घरात, तलावाकडे तोंड करून टाकलेल्या खाटेवर. मी ब्रह्मपुरीहून पोचले तेव्हा त्यांच्या मुलीने सांगितलं की शेवटचे दोन दिवस त्या आपल्या गावच्या बोलीतच बोलत होत्या, त्यांची स्वतःची बोली आठवतच नव्हती. ते ऐकल्यापासून तुम्हाला लिहावंसं वाटतं आहे. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली. तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि मी कधी तुम्हाला पत्र लिहिलं नाही. शिकायला बाहेर होते तेव्हाही निरोपच पाठवायचे.

त्या आणि त्यांचा नवरा, आपला बंगालीभाऊ, आले ती दुपार मला अजून लख्ख दिसते. वैशाख आहे. तलावाच्या मातीच्या पाळीवर, मोहाच्या झाडाखाली तुम्ही जाळं नीट करत बसला आहात, मी तुमच्या हाताशी सुतळी धरून आहे, आणि वाटेने एक माणूस आणि त्याच्या मागे एक बाई येते आहे. त्याच्या खांद्यावर गाठोडं, तिच्या डोक्यावर पितळेची गुंडी, हातात शंखाच्या पांढऱ्या बांगड्या. असल्या बांगड्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. माय पाणी घेऊन आली. त्या बाईने ते प्यायच्या आधी तलावाकडे पाहिलं आणि ती मटकन पाळीवर बसली. तिचा नवरा मोडक्या हिंदीत सांगू लागला. त्यांचं गाव एका मोठ्या नदीच्या काठी होतं, पलीकडचा काठ दिसत नाही इतकी मोठी नदी. देशाची नवी सरहद्द पडली आणि ते गाव दुसऱ्या देशात गेलं. मग स्टेशनं, छावण्या, आणि शेवटी बल्लारपूरच्या कागद कारखान्यात बांबू उतरवायचं काम. तिथे बायकोला झोप यायची नाही. तिला पाण्याजवळ राहायचं होतं. आपल्याकडचा कुणी मजूर त्याला म्हणाला होता की ब्रह्मपुरीकडे गावागणिक तलाव आहे. एवढ्या एका बोलण्यावर ते दोघं रेल्वेने ब्रह्मपुरीला उतरले आणि चालत सुटले. आपला तलाव त्यांना लागलेला चौथा. आधीच्या तिन्ही गावांनी त्यांना पुढे पाठवलं होतं.

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत, आणि गाठोड्यातून डोकावणाऱ्या जाळ्याकडे बोट दाखवून म्हणालात, "राहाचं त राहा. पन तलावात जाळं टाकाचं नाई." त्याने हात जोडले. आपल्या गुरांच्या कोठ्याची रिकामी असलेली बाजू तुम्ही त्यांना दिलीत. मायला ते आवडलं नव्हतं. त्या संध्याकाळी भाताचं गंज तिने चुलीवर जरा जोरातच ठेवलं.

मी तेव्हा नऊ वर्षांची असेन. परक्या देशातली माणसं आपल्या कोठ्यात राहायला आली याचं मला इतकं नवल वाटायचं की मी जेवण सोडून दारात उभी राहायचे. बाईने चार दिवसांत ती शेणामुतानं भरलेली जमीन सारवून आरशासारखी केली आणि तांदळाच्या पिठात बोट बुडवून तिच्यावर वेली, पावलं, मासे काढले. छपरावर भोपळ्याचा वेल चढवला. मायच्या पाट्यावर मोहरी वाटून तिने मासोळीचं कालवण केलं, त्या वासाने शेजारच्या बाया दारात आल्या. मायने एक घास खाल्ला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि दुसऱ्या दिवशी तिने स्वतःहून मोहरीची वाटी कोठ्यात नेऊन दिली.

आणि मी काय केलं? पाळीवर पोरी जमवून बाईच्या बोलण्याची नक्कल केली. पाण्याला ती 'जोल' म्हणायची, ते मी ओठ गोल करून म्हणून दाखवत होते. तुम्ही मागे उभे होतात. मला वाटलं, आता पाठीत बसेल. तुम्ही माझा दंड धरला, कोठ्याच्या दारात नेऊन उभं केलंत आणि म्हणालात, "हिले रोज धा शब्द शिकव. हिले बोलता नाई आलं त चूक तुही." ती माझी पहिली विद्यार्थिनी. चूल, सरपण, चिखल, रोवणा. शेजारच्या काकूला मुलगा झाला तेव्हा तिच्या खोलीकडे बोट दाखवून मी 'पोटुशी' आणि 'बाळंतीण' शिकवलं. बाई ते शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती आणि मग एकदम उठून आत गेली. पुढे कितीतरी वर्षांनी मला कळलं की छावणीत तिचं पहिलं मूल गेलं होतं.

बंगालीभाऊ तुमच्याबरोबर रोवण्याला, धानाच्या लावणीला यायचा, चिखलात आपल्या माणसांच्या बरोबरीने वाकायचा. पण काम सुटलं की तो तलावाच्या वरच्या अंगाला, जिथून जंगलातलं पाणी उतरतं त्या पडीक बांध्यांत, धानाच्या खाचरांत, जाऊन उकिडवा बसायचा. तासन्‌तास. मातीत काठी खुपसून पाहायचा. लोक म्हणू लागले की हा जादूटोणा करतो. तुम्हीही एकदा मला विचारलंत, काऊन बसते वं तो तिथी? मला काय माहीत असणार.

श्रावणात तीन दिवस पाऊस लागून राहिला. चौथ्या दिवशी उजाडता उजाडता झड ओसरली आणि गावात हाक गेली की मासोळ्या चढल्या. त्या दिवसाची आपण सगळे वर्षभर वाट पाहायचो. तलाव तुडुंब भरला की वरच्या बांध्यांत घोट्याएवढं पाणी पसरतं आणि मोठमोठे मासे तिथे चढून येतात. जाळं लागत नाही. काठीने मारायचे आणि टोपलीत भरायचे. त्या वर्षी तर त्याची जास्तच गरज होती. दोन-तीन सालांपासून तलावात मासा कमी होत चालला होता, आणि कुणालाच कारण कळत नव्हतं.

आपण पोचलो तेव्हा ती दोघं आधीच बांधाच्या तोंडाशी उभी होती. भाऊ दोन्ही हात आडवे पसरून, भिजलेला, काहीतरी सांगत होता. घाईत त्याची हिंदीही सुटली होती आणि कुणाला एक अक्षर कळत नव्हतं. लोक हसत होते, काही चिडले होते. तेव्हा बाई पुढे आली. डोक्यावरून पदर घेतलेली, लोकांसमोर कधी तोंड न उघडलेली ती बाई तुमच्यासमोर उभी राहिली आणि आपल्या बोलीत म्हणाली, "भाऊ, आज नोका मारू. पोटुशा हायेत त्या. बाळंत होऊन राह्यल्या."

हसणारे वळून तिच्याकडे पाहू लागले. त्यातला एकेक शब्द माझा होता.

मोठेबाबा, तुमचे थोरले बंधू, तुमच्यावर ओरडले. तीन महिन्यांच्या पाहुण्यांपायी पोरांच्या तोंडचा घास काढतो का, असं त्यांनी विचारलं. तुम्ही पाण्याकडे पाहत राहिलात. मला वाटतं, तुम्हालाही त्या माणसाचं म्हणणं कळलं नव्हतं. पण मग तुम्ही हातातली काठी बांधावर टाकली आणि म्हणालात, "एक दिवस थांबा. माह्या म्हनन्यानं. काई निंगालं नाई त या सालचा माहा वाटा तुमी घ्या."

त्यानंतर जे पाहिलं ते मी आयुष्यात पुन्हा पाहिलं नाही. गावातली सारी माणसं बांधावर उभी आहेत. ढग फाटून ऊन पाण्यावर पडलं आहे. त्या एवढ्याशा पाण्यात हातभर लांबीच्या रोहू मासोळ्या आडव्या होऊन धावतात, पाठी पाण्याबाहेर, त्यांच्या मागे तीन-तीन, चार-चार नर, अंगाला अंग घासत. पाणी उकळल्यासारखं उडतं आहे. शेपट्यांचे आवाज येत आहेत, कपडे आपटल्यासारखे. एक मासोळी माझ्या पायावरून गेली, तिचं पोट थरथरत होतं. लहान पोरंसुद्धा हलली नाहीत. एक म्हातारी बाई होती, तिने देवळात जोडावेत तसे हात जोडले.

दुपारी सगळं शांत झालं. मासे तलावात उतरून गेले. भाऊने आपलं धोतर सोडलं, कमरेला पंचा गुंडाळला आणि ते धोतर त्याने आणि बाईने चार टोकांना धरून पाण्याखालून हळूच उचललं. त्यात भिजवलेल्या साबुदाण्यासारखे दाणे होते, काचेसारखे, लाखांनी. त्यांच्यासाठी त्याने आधीच तीन खड्डे खणून चिकणमातीने लिंपून ठेवले होते; ती अंडी त्यांत सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईने पितळी थाळीत थोडं पाणी आणून तुमच्यासमोर धरलं. त्यात केसांसारखं काहीतरी वळवळत होतं, आणि प्रत्येक केसाला दोन काळे डोळे होते. तुम्ही थाळी हातात घेतलीत आणि खूप वेळ परत दिलीच नाही. मग मायला म्हणालात, "माह्या बापानं इथी काठीनं मासोळ्या मारल्या. मीबी मारल्या. कोनी वाकून पाह्यलं नाई."

पण ते इतकं सोपं झालं नाही. आठवड्याने पुन्हा पाऊस आला, तीनपैकी दोन खड्डे फुटून वाहून गेले. भाऊ चिखलात बसून लहान मुलासारखा रडला. तिसऱ्या खड्ड्यातली बोटभर पिल्लं त्याने तलावात सोडली, पण तलावात सोडलेलं कुणाला दिसतं? त्या साली मासा कमीच निघाला आणि तुम्ही शब्दाप्रमाणे आपला वाटा सोडलात. हिवाळाभर आपण भात आणि आंबील खाल्ली. लोक तुम्हाला हसायचे. माय तुमच्याशी महिनाभर धड बोलली नाही. तुम्ही त्या दोघांना एकदाही काही ऐकवलं नाहीत. बाई रोज संध्याकाळी आपल्या वेलीवरचा भोपळा, पानं, फुलं, जे असेल ते मायच्या चुलीपाशी ठेवून जायची.

पुढच्या श्रावणात कुणी काठी आणली नाही. या खेपेला खड्डे सगळ्यांनी मिळून खणले. आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, पाणी ओसरल्यावर जाळं ओढायचा दिवस आला तेव्हा तुम्ही भाऊला हाक मारलीत आणि तुमचं स्वतःचं जाळं, आजोबांनी विणलेलं, त्याच्या हातात दिलंत. पहिली फेक त्याने टाकावी म्हणून. ते इतकं भरलं की आठ माणसांना ओढता येईना. बाई पाळीवर उभी होती, छातीशी दोन महिन्यांची मुलगी. ती हसत नव्हती, रडतही नव्हती. नुसती पाहत होती, आणि आम्ही सारे तिच्याकडे पाहत होतो.

बाबा, मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं. दरवर्षी श्रावणात मुलांना ही गोष्ट सांगायचे, आणि तुम्ही बांधावर काठी टाकलीत तिथे आले की मुलं श्वास रोखून बसायची. मी म्हणायचे, "मग गावातला एक जाणता माणूस पुढे झाला." शहरातल्या शाळेत मी ढिवराची, मासे धरणाऱ्याची मुलगी आहे हे कुणाला कळू नये असं मला सुरुवातीला वाटायचं, आणि पुढे ते वाटेनासं झालं तरी वाक्य तसंच राहिलं. एकदा एका मुलाने विचारलं, "बाई, तो माणूस कोण होता?" मी म्हटलं, "होता कुणीतरी." हे तुम्हाला सांगायला आज हा कागद घेतला. तो आता घडी करून माझ्या जुन्या हजेरीपुस्तकात ठेवते आहे, दुसरीकडे कुठे ठेवावा ते सुचत नाही.